पहिलाच पीआर सहा मिनिटांत बंद, एक शब्द न बोलता

बेदाणा (८ जून, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, चार वर्षं झाली, मूळचा तासगावकडचा (आयडीवरून कळलंच असेल). ऑफिसात जो तो सांगतो की ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) काहीतरी कर, रेझ्युमेला वजन येतं. म्हणून शनिवारी बसलोच. एक मोठा जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट शोधला, फोर्क मारला (म्हणजे त्याची आपली कॉपी करून घेतली), रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) वाचली, त्यात दोन ठिकाणी स्वल्पविराम नव्हते आणि एक वाक्य मला जरा लंगडं वाटलं, ते सगळं नीट केलं, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ प्रोजेक्टमध्ये मर्ज करा, मिसळून घ्या अशी विनंती) टाकला आणि खाली लिहिलं की सर हा माझा पहिला पीआर आहे, कृपया मर्ज करा. आणि चहा टाकायला गेलो.

दूध वर यायच्या आत मेल. क्लोज्ड. कमेंट नाही, लेबल नाही, काही नाही. सहा मिनिटं.

चूक असेल तर सांगा ना, शिकायलाच तर आलोय. असंच असतं का तिकडे? की मीच भलत्या दारात गेलो?

कटवडा (८ जून, रात्री ११:३४)

भावा सहा मिनिटं म्हणजे माणसानं वाचलं तरी. माझा एक पीआर दीड वर्ष झालं उघडाच आहे, त्याला आता पालवी फुटंल.

रात्रपाळी (९ जून, १२:५०)

न बोलता बंद केला हे लागलं, ते कळतंय. पण काउंटरच्या पलीकडून सांगतो. माझी एक छोटी लायब्ररी (म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) आहे, पीडीएफमधले तक्ते बाहेर काढायची, वापरणारे फार नाहीत पण आहेत. पोरं झोपली की मला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात तुझा पीआर उघडायचा, बदल वाचायचा, टेस्ट हिरव्या आहेत का बघायचं, दोन गोड शब्द लिहायचे, हे सगळं स्वल्पविरामासाठी, आणि ज्याच्या फाइलमध्ये माझा कोड आडवा होतोय तो बिचारा तीन आठवडे वाट बघतोय.

त्यात रीडमीच्या पीआरचं नाव आधीच बदनाम आहे. डिजिटल ओशनवाल्यांनी २०१४ साली हॅक्टोबरफेस्ट सुरू केलं, ऑक्टोबरात पीआर टाका आणि टी-शर्ट मिळवा. हेतू चांगला होता. २०२० मध्ये चार पीआरला टी-शर्ट होता, आणि लोकांनी रीडमीत कुठे 'अमेझिंग' घाल, कुठे एक स्पेस घाल असं करून मेंटेनर लोकांना (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना) इतकं पिडलं की महिना सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोवर नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टने स्वतःहून हो म्हटलंय तिथलेच पीआर धरायचे. नंतर २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या पीआरचा ढीग लागला, शिकवणीच्या एका व्हिडिओत तसं करून दाखवलं होतं म्हणून. हे बघितलेला माणूस रीडमी दिसली की हात आपोआप बंद करायच्या बटणावर नेतो. तुझ्यावर राग नव्हता, तुला त्याने बघितलंच नाही.

आणि ते 'सर' काढ. तिकडे सगळे एकेरीत असतात.

बेदाणा (९ जून, सकाळी ८:०५)

हे कोणी सांगितलं नव्हतं. आता माझीच मला लाज वाटतेय.

व्यवहारी (९ जून, सकाळी १०:१५)

लाज कसली वाटून घेतोस? मला एक कोणीतरी समजावून सांगा की हे फुकट का करायचं. डिसेंबर २०२१ आठवा, लॉगफोरजे, जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारी लायब्ररी. मूठभर लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात ती लायब्ररी बघत होते, आणि अर्ध्या जगाच्या बँका, सरकारं, गेम कंपन्या त्यांच्या दारात, सुरक्षेचं भोक बुजवा, लवकर बुजवा. तोवर एकाने विचारलं नव्हतं जेवलात का म्हणून. कंपन्यांनी कमवायचं आणि पोरांनी रेझ्युमेच्या नावाखाली वेठबिगारी करायची.

रात्रपाळी (९ जून, रात्री ११:५८)

व्यवहारी, मुद्दा शंभर टक्के मान्य, निष्कर्ष नाही. मी माझी लायब्ररी रेझ्युमेसाठी लिहिली नाही. मला एका सरकारी पीडीएफमधून पावसाचे आकडे काढायचे होते, हाताने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून लिहिली. जगावर उपकार करायला कोण बसलंय, स्वतःला खाज सुटली की होतं. बेदाणा, तुझी खाज कुठली ते शोध. स्वल्पविरामाची नक्कीच नव्हती.

मिशिगनची_मावशी (१० जून, पहाटे ४:३०)

मध्येच एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं सांगते. कुठल्याही पीआरआधी तुझं नेमणूकपत्र काढून वाच. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, नोकरीच्या कामात केलेल्या कृतीचा पहिला मालक एम्प्लॉयर, वेगळा करार नसेल तर. आणि बऱ्याच ऑफर लेटरमध्ये याच्याही पुढे जाऊन नोकरीत असेपर्यंत जे काही कराल ते आमचं असं वाक्य घुसडलेलं असतं. माझ्या पहिल्या कंपनीत तसं होतं आणि मी सही करून मोकळी झाले होते, वाचलं दोन वर्षांनी. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नकोस, मॅनेजरला एक मेल टाकून ठेव, उत्तर येईल ते जपून ठेव.

काही प्रोजेक्ट कमिटखाली (म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड ऑफ बाय' मागतात. ते शोभेचं नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून आहे, एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून केलेल्या कोर्टकज्ज्यानंतर आलं. हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही तिथे लिहून देता.

सौ_टके (१० जून, दुपारी २:४०)

कोड म्हणजेच योगदान असं का धरून चाललेत सगळे? मी कॉमर्सची, पायथन वगैरे काही येत नाही, तरी आठेक वर्षं मराठीकरणात आहे. फायरफॉक्ससाठी पॉन्टून, विकिपीडियाच्या मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी, लिब्रेऑफिससाठी वेबलेट, सगळं ब्राउझरमध्ये, लॉगिन करा आणि वाक्यं भाषांतरित करा.

सोपं वाटतं ना? एक उदाहरण देते. एका ॲपमध्ये खाली 'पान २ पैकी ५' असं यायचं. पाच पानांचा दस्तऐवज आणि तुम्ही दुसऱ्या पानावर. मराठीत ते '५ पैकी २' हवं, नाहीतर अर्थच उलटतो. इंग्रजीत आधी चालू पान येतं मग एकूण, आणि प्रोग्रॅममध्ये दोन्ही जागी नुसतं पर्सेंट-डी (इथे आकडा घाल अशी खूण) लिहिलेलं, पहिला आकडा पहिल्या जागी, दुसरा दुसऱ्या. मी वाक्य फिरवलं की आकडे चुकीच्या जागी बसणार. उपाय असतो, जागेला नंबर द्यायचा, पर्सेंट, एक, डॉलर, डी असं, की मग भाषांतरकार हवं तसं फिरवू शकतो. पण ते चालतं का हे त्या डेव्हलपरलाच विचारावं लागतं, आणि त्याला हे पटवायला मला चार दिवस लागले, कारण त्याच्या मते 'इट वर्क्स इन फ्रेंच'.

तेव्हा बेदाणा, तुम्ही टेस्टर आहात आणि मराठी आहात. मोठमोठ्या प्रोजेक्टमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असलेलं माणूस फार कमी सापडतं. 'सेव्ह'ला 'जतन करा' की 'साठवा' यावरून आम्ही पाच जणं भांडतोच आहोत, पण बटणात ते शब्द मावतात का, वेलांटी कापली जातेय का, हे कोणी बघतच नाही.

कटवडा (१० जून, दुपारी ३:०२)

'जतन करा' बघून आमच्या आईनं विचारलं होतं, फोटो लोणच्यागत मुरवायचाय का.

बेदाणा (१४ जून, रात्री १०:१०)

रात्रपाळी, खाज सापडली बहुतेक.

आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, 'क' वर्गाचं, साडेसहा हजार पुस्तकं. ग्रंथपाल काका बाबांचे मित्र. दाखल रजिस्टरवरून सगळी यादी कंप्युटरवर चढवलीय, त्यासाठी एक छोटा ओपन सोर्स कॅटलॉग प्रोग्रॅम कोणीतरी बसवून दिलाय (नाव मुद्दाम देत नाही, बिचाऱ्याचा एकच मेंटेनर आहे, तोही युरोपात कुठेतरी). रविवारी घरी गेलो तर काका म्हणाले, बाळा हे यंत्र पुस्तकं खातंय. 'विनोदी कादंबऱ्या' शोधलं की ४१ दाखवतं, कपाटात तर शंभराच्या वर आहेत.

मी आधी काकांनाच वेड्यात काढलं. मग बसून बघितलं. उरलेली पुस्तकं यादीत आहेत, विषयाच्या रकान्यात 'विनोदी कादंबर्‍या' असंच लिहिलंय, डोळ्याला काही म्हणजे काही फरक नाही, झूम करून बघितलं तरी नाही. पण शोधल्यावर येत नाहीत. त्यातलंच एक कॉपी करून शोधलं तर ती सगळी येतात आणि आधीची ४१ गायब! दोन तास गेले. हे काय भूत आहे?

हलंत (१४ जून, रात्री १०:४८)

अरे वा, याच भुतासाठी मी इथे नाव काढून बसलोय :)

तुझ्याच पोस्टमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. 'कादंबऱ्या' आणि 'कादंबर्‍या'. हा जो आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, तो युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन पद्धतीने लिहिता येतो. पहिली: खाली टिंब असलेला ऱ (नंबर ०९३१), मग हलंत, मग य. दुसरी: साधा र (०९३०), हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर म्हणजे झेडडब्ल्यूजे, जे दिसतच नाही, मग य. पहिली रीत मुख्य, दुसरी जुन्या काळापासून चालत आलेली म्हणून ठेवलीय. दोन्ही बरोबर, दोन्ही दिसायला जुळे भाऊ. आणि दोन्ही केलं नाहीस, नुसतं र, हलंत, य लिहिलंस, तर रफार होतो, 'कादंबर्या'. तो मात्र चूक.

आता तू म्हणशील युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली रीत) करून टाकू. तिथेच गंमत आहे. त्यातला एनएफसी हा प्रकार झेडडब्ल्यूजेला हातच लावत नाही, एनएफकेसी हा दुसरा प्रकारसुद्धा नाही, म्हणून हे दोन भाऊ कितीही नॉर्मलाइझ केले तरी वेगळेच राहतात. मल्याळमवाल्यांनी हेच भोगलंय, त्यांची चिल्लू अक्षरं (स्वर नसलेली व्यंजनं) आधी झेडडब्ल्यूजेने लिहायची, मग २००८ मध्ये युनिकोड ५.१ आलं आणि प्रत्येक चिल्लूला स्वतंत्र नंबर मिळाला, झाले एका शब्दाचे दोन. फरक एवढाच की त्यांच्याकडे स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगसारखा गट आहे, वर्षानुवर्षं फॉन्टपासून स्पेलचेकपर्यंत सगळ्यात ठाण मांडून. आपल्याकडे पुण्यात रेड हॅटमधल्या मंडळींनी लोहित फॉन्ट आणि मराठीकरणाचं बरंच काम केलं, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता, बालू सारखे देखणे फॉन्ट मोकळे करून दिले, पण शोधाशोधीचं, वर्णक्रमाचं, असलं रटाळ काम कोणी अंगावर घेत नाही.

काकांकडे यादी दोघांनी टाइप केलीय का?

बेदाणा (१४ जून, रात्री ११:१५)

हो!! अर्धी गावातल्या टायपिंग क्लासच्या सरांनी त्यांच्या जुन्या कंप्युटरवर, नंतरची काकांच्या पुतणीने मोबाइलवरून. तुम्ही ज्योतिषी आहात का?

मग सोपंच आहे, सगळा झेडडब्ल्यूजे उडवून देतो डेटातून. उद्या पीआर.

हलंत (१४ जून, रात्री ११:१८)

थांब थांब थांब. झेडडब्ल्यूजे नुसता उडवलास तर खाली काय उरतं? र, हलंत, य. म्हणजे रफार. मग 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या' मिळणार, सह्याद्री शोधायला गेलेला माणूस समुद्रात. आणि 'आचाऱ्याला' दक्षिणा दिली की 'आचार्याला' हे मराठीत दोन वेगळे गृहस्थ आहेत, एक स्वयंपाक करतो. शिवाय तोच कोड सिंहलीला लागला तर तिकडची जोडाक्षरं फुटतील, त्यांना झेडडब्ल्यूजे लागतोच.

आधी इश्यू (म्हणजे प्रोजेक्टवर अडचणीची नोंद) उघड. कोड नंतर.

रात्रपाळी (१५ जून, १२:३०)

हलंतशी सहमत. आणि इश्यू लिहिताना टेस्टर आहेस तसा लिही: काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड नंबर) एकाखाली एक. त्या माणसाला मराठी येत नाही, त्याला दोन्ही शब्द सारखेच दिसणार आणि तो म्हणणार काय चेष्टा लावलीय. एआयकडून लिहून घेऊ नकोस. कर्ल या इंटरनेटवरून डेटा ने-आण करणाऱ्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग किती दिवस ओरडतायत, एआयने लिहिलेले सुंदर, लांबलचक आणि साफ खोटे सिक्युरिटी रिपोर्ट वाचण्यात वेळ जातो म्हणून. तुझं मोडकंतोडकं इंग्रजी परवडलं.

व्यवहारी (१५ जून, सकाळी ९:४०)

वाचनालयासाठी आहे म्हणून गप्प बसतो. पण कोहा का नाही वापरत? तेही ओपन सोर्सच आहे, न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं, माओरी भाषेत नावाचा अर्थ भेट. मुलीच्या कॉलेजात तेच आहे.

बेदाणा (१५ जून, सकाळी ९:५५)

कोहाला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा लागतो. काकांकडे एक कंप्युटर आहे, त्यावर कपडा झाकलेला असतो आणि तो कपडा फक्त काकांनीच काढायचा असतो.

बेदाणा (६ जुलै, रात्री ११:३०)

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

इश्यू उघडला. पाच दिवस सन्नाटा. मी रोज बघायचो, इथे कोणाला बोललो नाही. सहाव्या दिवशी मेंटेनरचं उत्तर, दोनच ओळी: कोडपॉइंट दिलेस म्हणून कळलं, नाहीतर बंद केला असता. लोकांनी टाइप केलेला डेटा मी बदलणार नाही. शोधाची अनुक्रमणिका बनवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्हीकडे एकच रूप केलंस तर घेतो. टेस्ट हव्यात.

म्हणजे माझी सगळा डेटा धुवायची आयडिया बाद. थोडा वेळ राग आला, मग पटलं. काकांनी जसं लिहिलंय तसं राहू दे की, शोधताना तेवढं सारखं धरायचं.

कोड किती झाला सांगू? चार ओळी. र, हलंत, झेडडब्ल्यूजे एकापाठोपाठ दिसले तर त्याजागी ऱ आणि हलंत धर, बाकी कुठल्याही झेडडब्ल्यूजेला हात लावू नको. टेस्ट मात्र अडतीस ओळी. 'कादंबऱ्या'ने 'कादंबर्‍या' सापडलं पाहिजे, उलटंही, 'दर्या'ने 'दऱ्या' सापडता कामा नये, आणि आचारी-आचार्य जोडी, हलंत यांच्या कृपेने. मेंटेनरने त्या जोडीवर विचारलं की हे काय आहे, मी लिहिलं वन इज अ कुक अँड द अदर इज अ गुरू, तर त्याने हसायचा इमोजी टाकला.

मर्ज होणार तेवढ्यात एक नेपाळचा पोरगा आला. म्हणाला आमच्याकडे 'गर्‍यो' असंच लिहितात, झेडडब्ल्यूजेवालंच, टिंबवाला ऱ आमच्यात कोणी वापरत नाही, तुम्ही आमचं काही मोडताय का? पुन्हा चार दिवस. त्याच्या शब्दांच्या टेस्ट त्यानेच लिहून दिल्या, चालल्या, कारण डेटा तसाच राहतो, शोधतानाच फक्त आतून बदलतो. मेंटेनरची डेटाला हात न लावायची अट मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली.

परवा मर्ज झाला. मावशी, मॅनेजरला मेल केला होता, 'ओके' एवढंच आलं, जपून ठेवलंय.

मिशिगनची_मावशी (७ जुलै, पहाटे ५:१०)

शाब्बास रे! स्क्रीनशॉट घे त्या 'ओके'चा, ऑफिसचा मेल नोकरी सुटली की हाती राहत नाही.

रात्रपाळी (७ जुलै, दुपारी १२:१५)

भारी. आता एक जुनी गोष्ट, घाबरवायला नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण झालं. एकटा दमलेला मेंटेनर, त्याला दोनेक वर्षं नेटाने मदत करणारा एक गोड नवा माणूस, हळूहळू किल्ल्या त्याच्या हातात गेल्या आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला एसएसएच (दूरच्या कंप्युटरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून. तेव्हापासून माझ्याकडे कोणी फार गोड वागला की मी जरा दचकतो. तुझ्या मेंटेनरने पाच दिवस लावले, दोनच ओळी लिहिल्या, टेस्ट मागितल्या, तुला ते तुटक वाटलं असेल. मला तो माणूस आवडला.

सौ_टके (७ जुलै, दुपारी १:२५)

अडतीस ओळी टेस्ट वाचून डोळे पाणावले हो. त्या प्रोग्रॅमचं मराठीकरण झालंय का? नसेल तर वाक्यांची फाइल द्या मला, रविवारी बसते.

कटवडा (७ जुलै, दुपारी २:००)

काका काय म्हणले ते सांग की.

बेदाणा (७ जुलै, रात्री ९:४५)

सौ_टके, फाइल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. साडेतीनशे वाक्यं आहेत, त्यात 'पान इतकं पैकी इतकं'सुद्धा आहे, आधीच सांगून ठेवतो.

काकांकडे आज नवीन व्हर्जन टाकलं. कपडा त्यांनीच काढला. 'विनोदी कादंबऱ्या' शोधलं, १०७ आली. काकांनी रजिस्टर काढून मोजायला घेतली, मी म्हटलं काका आता विश्वास ठेवा, तर म्हणाले मोजू दे. १०९ भरली. दोन कुठे गेली म्हणून शोधलं तर त्यांचा विषय लिहायचाच राहिला होता, पुतणीच्या नावाने शंख झाला.

मग त्यांनी चष्मा वर सरकवून 'ॲ' वरून सुरू होणारं एक पुस्तक शोधलं. नाही आलं. म्हणाले, हेही खाल्लं बघ.

हलंत (७ जुलै, रात्री ९:५२)

खाल्लं नाही. एक 'ॲ' असतो एकाच नंबराचा, ०९७२, आणि दुसरा 'अॅ', साधा अ आणि त्यावर चंद्र, दोन नंबरांचा. एनएफसी यालाही हात लावत नाही. इश्यू उघड.

बेदाणा (७ जुलै, रात्री १०:०४)

उघडला. या वेळी कोडपॉइंट आधीच टाकलेत.

रात्रपाळी (८ जुलै, १२:४०)

बघितला. 'सर' नाहीये. छान.